कैरी खावीशी वाटणारा पेशंट

हसा खुशाल, पण आधी चहा संपवा, ठसका लागायला नको. मी असा घोळ घातला होता की एका भल्या डॉक्टरांचा कॉम्प्युटर परत खोक्यात जायला निघाला.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी मांडवीला जाळी विणायचो, आमची मंडळी, म्हणजे बायको, बाजारात मासे विकायची. आमच्या तरुण डॉक्टरांनी दवाखान्यात कॉम्प्युटर आणला. पेशंटचं दुखणं त्यात कायम राहावं, उद्या दुसऱ्या डॉक्टरलाही दिसावं, असा प्रोग्राम ते स्वतःच रचत होते. त्यापायी संध्याकाळचा दवाखानाही बंद केला. लोक म्हणायचे, चांगल्या डॉक्टरचं डोकं फिरलं.

त्यात माझं नाव गेलं. मला वाटलं, हे रेशनकार्डासारखं असणार. कर्त्याच्या नावावर अख्खं घर.

मंडळीला दवाखान्यात यायला सवड कुठली? मीच गेलो. म्हटलं, "फार तहान लागते. रात्री सारखं उठावं लागतं." कुणाला, ते कशाला सांगायचं? घरचंच माणूस.

डॉक्टरांनी माझं रक्त घेतलं. मी दिलं. घराच्या कर्त्याचंच घेत असतील, नाही का? साखर काही निघाली नाही.

पुढच्या खेपेला सुनेचं सांगितलं. "सकाळी मळमळतं. कैरी खावीशी वाटते."

डॉक्टर पडद्याकडे बघतच राहिले. "काका, कैरी?"

"हो. मीठ लावून."

आठवड्याने गेलो तर ते कॉम्प्युटरच्या वायरी काढत होते. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं साहेब?"

"प्रोग्राम फसला, काका. लोक सांगतात ते टिपत जातो, तर एकाच माणसाच्या नावावर ताळमेळ नसलेली दुखणी जमतात. तुमचंच बघा ना. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना हे दाखवलं तर हसतील मला. बंद करतो सगळं."

"पण त्याचं बरोबर आहे की. तहान मंडळीची, कैरी सुनेची."

"आणि तुमचं काय?"

"माझं काही नाही. मी नुसता सांगायला येतो."

डॉक्टर वायर हातात धरून हसत सुटले. मग एकदम थांबले. "काकूंना आत्ताच्या आत्ता घेऊन या."

मंडळी माशांची पाटी घेऊनच आली. साखर भरपूर निघाली, पण वेळेवर सापडली. बाहेर पडताना मला म्हणाली, "माझी साखर तुमच्या रक्तात शोधत होतात काय ओ?"

वायरी पुन्हा जोडल्या गेल्या. डॉक्टर पुढे पुण्याला गेले, आणि त्यांचा प्रोग्राम गावोगावच्या हॉस्पिटलांत पोचला.

काही वर्षांनी चिपळूणच्या एका हॉस्पिटलात गुडघा दाखवायला गेलो. तिथेही तोच प्रोग्राम. काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर वाचून विचारलं, "आजोबा, हा त्रास तुम्हालाच होतो ना?"

मी चपापलो. "तुला कुणी सांगितलं?"

"आम्ही सगळ्यांनाच विचारतो. प्रोग्राममध्ये तो पहिलाच प्रश्न आहे."

मागून मंडळी म्हणाली, "लिही बाय. या वेळी ह्यांचाच आहे. मी स्वतः बघितलाय गुडघा."