‘नाही’चं बटण

चार महिन्यांत मोडलेल्या सुया एक्केचाळीस. त्यांतले न सापडलेले तुकडे शून्य. गुरुवारी सकाळी राजनंदिनी वाघमोडे त्या शून्याकडे बघत बसली होती.

सव्वीस वर्षांची ही मुलगी मंद्रूपच्या पुढच्या एका वस्तीवरची. वडील धुळा आणि आई गोजाबाई मेंढरं राखतात. रोज एसटीनं सोलापूरला येऊन ती बी.कॉम. झाली आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगची क्लार्क म्हणून लागली. तीन वर्षांत विणकाम, रंगाई, शिलाई, स्टोअर, कुठं काय चालतं ते तिला पाठ झालं. म्हणून गेल्या वर्षी मालक महादेवप्पांनी सगळा कारखाना कॉम्प्युटरवर आणायला पुण्याहून सुबोध नावाच्या तज्ज्ञाला बोलावलं, तेव्हा त्यानं मदतीला तिलाच मागून घेतलं.

सुबोध माणूस हुशार होता. त्यानं भिंतभर आराखडा काढला. कुठलं काम कुठून सुरू होतं, कुणाकडे जातं, कुठं वेळ खातं, सगळं चौकटी आणि बाणांत. जानेवारीपासून वह्या गेल्या आणि टॅबलेट आले. शिलाईत सुई मोडली की बाईनं टॅबलेटवर नोंद करायची. पुढचा प्रश्न यायचा, ‘सगळे तुकडे सापडले का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’.

हे टॉवेल तान्ह्या बाळांचे होते, टोपी शिवलेले, परदेशी जाणारे. म्हणून पूर्वी एकूण एक टॉवेल सुई शोधणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यावरून जायचा. एप्रिलमध्ये सुबोधनं शून्य पाहिलं आणि सांगितलं, “आता दहातला एक तपासला तरी पुरे. आकडेच सांगताहेत.” रोजचे दोन तास वाचले. मालक खूष. तो बदल सिस्टीममध्ये राजनंदिनीनंच टाकला होता.

आज सहज म्हणून तिनं स्टोअरची यादी उघडली. स्टोअरचा संगणक वेगळा होता, शिलाईशी अजून जोडलेला नव्हता. तिथं मोडकी सुई जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही. जानेवारीपासून ‘मोडली’ म्हणून बदलून दिलेल्या सुया एकशे एकोणचाळीस.

म्हणजे अठ्ठ्याण्णव सुया शिलाईच्या नोंदीतच नव्हत्या. आणि नऊ हजार सहाशे टॉवेल चार वाजता कंटेनरमध्ये चढणार होते.

जेवणाच्या सुट्टीत ती शिलाई विभागात गेली. कमलम्मा खिडकीखाली डबा घेऊन बसल्या होत्या. पंचावन्नच्या, विणकरांच्या घरातल्या, इथं एकवीस वर्षं मशीनवर.

“अक्का, खरं सांगा. ‘नाही’ कुणी दाबतच न्हाय का?”

कमलम्मांचा घास हातातच राहिला. “तुला कोण बोललं?”

“कुणी न्हाय. स्टोअरच्या यादीत दिसलं.”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. “फेब्रुवारीत मी दाबलं होतं एकदा. सगळी लाइन बंद पडली. तिघांनी मंजुरी दिल्याशिवाय चालू होत न्हाय, आणि मॅनेजर गावाला गेलेले. अडीच तास बावीस बाया हात बांधून बसल्या. आमाला नगावर मिळतंय, बसून काय मिळतंय? त्या दिवशी किती ऐकून घेतलं मी, म्हाईत हाय?”

“मग आता?”

“आता ‘हो’ दाबतो. न्हायतर नोंदच करत न्हाय. लोहचुंबक फिरवून आमीच शोधतो. सापडतंय की बहुतेक.”

“आणि न्हाय सापडलं तर?”

कमलम्मांनी डब्याचं झाकण लावलं. अर्धी भाकरी तशीच आत राहिली. “मंगळवारी माझं एक टोक सापडलं न्हाय. टोपीची शिलाई होती.” आणि मग तिचा हात धरून म्हणाल्या, “माझं नाव घेऊ नको पोरी.”

पावणेदोनला राजनंदिनी मालकांच्या केबिनमध्ये उभी होती. सुबोध समोरच बसला होता.

“गाडी थांबवायला पाहिजे,” ती म्हणाली आणि दोन्ही याद्या टेबलावर ठेवल्या.

मालकांनी याद्यांकडे पाहिलंच नाही. “बोट चुकली तर पुढची आठ दिवसांनी हाय, कळतंय का तुला? कोण म्हणालं टोक हरवलं? नाव सांग.”

“नाव नाही सांगणार.”

“मग गाडी जाणार.”

खाली अंगणात कंटेनर मागं घेत असल्याची पिप् पिप् ऐकू येत होती. “मालक, बदल मीच टाकलाय सिस्टीममध्ये. उद्या एखाद्या बाळाला टोचलं तर मला झोप लागणार नाही.”

सुबोध दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून वाचत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

“चूक माझी आहे,” शेवटी तो म्हणाला. “खरं सांगणाऱ्याला शिक्षा होईल असा रस्ता मी आखला. वर त्याच आकड्यांवर विसंबून तपासणी कमी केली. गाडी थांबवा.”

मालक खुर्ची मागं सारून उठले. खिडकीतून त्यांनी खाली हात केला आणि पिप् पिप् थांबली.

पेट्या फोडायला सुरुवात झाली. एकेक टॉवेल पट्ट्यावरून पुढं सरकायचा. शुक्रवारी दुपारी तीन वाजता यंत्र कर्रकर्र वाजलं आणि पट्टा जागीच थांबला. पर्यवेक्षकानं घडी उलगडली. आत तांदळाच्या कणीएवढं टोक चमकत होतं.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मालक म्हणाले, “मिळालं ना? बास. उरलेला माल भरा.”

राजनंदिनी काही बोलणार, एवढ्यात मागून कमलम्मा पुढं आल्या. त्यांनी ते टोक तळहातावर घेतलं, उजेडात फिरवलं.

“हे माझं न्हाय, मालक.”

“तुझं म्हणजे?”

“मंगळवारी माझी सुई मोडली. मी ‘हो’ दाबलं. टोपीला जाड सुई लागते. ही बारीक हाय, लेबल शिवायची.” त्यांनी टोक पर्यवेक्षकाच्या हातात दिलं. “माझी अजून आतच हाय.”

मालकांनी पर्यवेक्षकाला खूण केली आणि पट्टा पुन्हा चालू झाला.

जाड टोक शनिवारी सापडलं, टोपीच्या दुमडीत, उभं रुतलेलं. त्यानंतरही राजनंदिनीनं शेवटची पेटी संपेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. तिसरं टोक निघालं नाही. बारीक सुई कुणाची होती ते कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात सुबोध तीन दिवस शिलाईतच बसला. स्टोअर आणि शिलाईच्या नोंदी जोडल्या गेल्या. आता ‘नाही’ दाबलं की लाइन चालूच राहते, फक्त त्या मशीनवरच्या टॉवेलांचं गाठोडं बाजूला निघतं, आणि शोधायला लागलेल्या वेळाची मजुरी बाईला मिळते. एकूण एक टॉवेल पुन्हा पट्ट्यावरून जातो. पहिल्याच महिन्यात न सापडलेले तुकडे तीन नोंदले गेले.

माल आठ दिवस उशिरा गेला. कमलम्मांना लेखी ताकीद मिळाली. ती मागं घ्या म्हणून राजनंदिनी दोनदा मालकांकडे गेली, पण त्यांनी ऐकलं नाही. शिलाईतल्या काही बाया महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. कमलम्मा मात्र रोज दुपारी खिडकीखाली सरकून तिला जागा करून द्यायच्या आणि ताकिदीच्या कागदाचा विषय कधी काढायच्या नाहीत.