ढेकूणवाल्या भावजींची गिऱ्हाइकं

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, ढेकूण मारतात. सरळ सांगितलेलं बरं. कोणी विचारलं की आमच्या घरातले सगळे "त्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे" म्हणतात आणि विषय बदलतात.

कंपनीतल्या साहेबांशी वाजलं तेव्हा भावजी नोकरी सोडून एकटेच कामं घ्यायला लागले. वाफेचं मशीन, टॉर्च, पेचकस आणि हे सगळं मावेल अशी चाकांची सुटकेस. सुटकेस अशासाठी, की लॉजवाल्यांना ढेकूणवाला दारातून येताना दिसायला नको असतो. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून पाहुण्यासारखे आत जातात, खोलीचं दार लावून घेतात, पलंगाचा एकेक स्क्रू काढून भोकात वाफ सोडतात आणि पाहुण्यासारखेच बाहेर पडतात. एकदा एका वेटरने त्यांच्याकडे बक्षिसी मागितली. भावजींनी दिलीसुद्धा! काय म्हणावं या माणसाला?

मग एका मुलींच्या वसतिगृहाचं वर्षभराचं काम निघालं. तिथल्या रेक्टरबाई म्हणाल्या, "तुमची वेबसाइट पाहिली. आधी कुणाकडे कामं केलीत, त्याचं एकही नाव नाही. नाव टाका, मी फोन करून विचारते, मग बघू." हे काम गेलं तर जुन्या साहेबांच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. आणि ते साहेब "याल परत" म्हणून हसले होते.

"टाका की नावं!" मी म्हटलं. "अर्ध्या शहरातले ढेकूण तुम्ही मारलेत."

"वहिनी, लोकांनी विश्वासाने आत घेतलंय मला. न विचारता कसं टाकू?"

गेले विचारायला. लॉजच्या मॅनेजरने "आपण कोण?" म्हणून विचारलं. थिएटरवाल्याने चहा पाजला, तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाला, "नाव मात्र नको हं, खुर्च्या रिकाम्या राहतील." एका डॉक्टरीणबाईंनी तर फोनच ठेवून दिला. भावजी घरी आले, स्टुलावर चढले आणि सुटकेस माळ्यावर टाकली. "उद्या साहेबांना भेटून येतो," म्हणाले.

पण एक नाव त्यांनी विचारलंच नव्हतं. माझं.

गेल्या वर्षी आमच्याकडे ढेकूण झाले होते. आमच्या ह्यांनी हौसेने आणलेल्या जुन्या सोफ्यातून आले आणि थेट माझ्या पलंगात शिरले. मी कोण? तर दुसऱ्यांच्या पायपुसण्याकडे बघून नाक मुरडणारी! गादी गच्चीत नेली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, तर "जरा ऊन दाखवतेय" म्हणून वेळ मारून नेली. भावजींकडून शपथ घेतली होती, कुठे बोलायचं नाही. आणि हा बाबा दारोदार नावं मागत फिरला, पण माझ्याकडे नुसतं बघितलंसुद्धा नाही. मला रडूच आलं.

"भावजी, माझं नाव टाका. बिल्डिंग, मजला, फोन, सगळं."

"वहिनी, सगळीकडे बोभाटा होईल."

"होऊ दे. होते, आता नाहीत."

"अगं, वेड लागलंय का तुला?" इति आमचे हे.

"सोफा कुणी आणला होता? गप्प बसा."

रेक्टरबाईंचा फोन आला. मी काही हातचं राखलं नाही. कुठे कुठे चावले तेही सांगितलं. "पुन्हा झाले नाहीत ना?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "माझ्याच पलंगावर येऊन झोपा एक दिवस." बाई खळखळून हसल्या. काम मिळालं.

बिल्डिंगमध्ये मात्र व्हायचं तेच झालं. जिन्यात बायका माझ्यापासून अंग चोरून जायला लागल्या. संध्याकाळी गप्पा मारायला कुणी येईना. मला वाईट वाटलं. नाही कशाला म्हणू?

मग एका दुपारी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या बाई. मागे वळून जिना बघितला, मग हळूच म्हणाल्या, "तुमचे दीर... सुटकेस घेऊनच येतात ना? पाहुण्यासारखे?"

जिभेवर बरंच काही आलं होतं. गिळलं.

"हो. आणि नाव कुठेही येणार नाही," मी म्हटलं. "वेबसाइटवर माझं आहे, तेवढं पुरे." मग आत वळून हाक मारली, "भावजी, इस्त्रीचा शर्ट घाला!"