होडी वाढली

दिवा विझला म्हनू नये, दिवा वाढवला म्हनावं. बांगडी फुटली म्हनू नये, वाढली म्हनावं. एवढं समद्यांच्याच घरात असतंय. पर आमी पडलो नावेवरची मानसं. आमच्यात आनखी एक हाय. नाव पान्याखाली गेली तरी तो शब्द तोंडात घ्यायचा नाय. नाव वाढली, एवढंच म्हनायचं. सासू सांगायची, पानी ऐकत असतंय बाई. त्याला आपन व्हऊन सांगू नये.

सासरा गोदावरीवर नाव चालवायचा. मंग पैठनचं धरन झालं अन् गाव, घर, देऊळ, मसनवटा, समदं पान्याच्या पोटात गेलं. आमी हर्सूलला येऊन राह्यलो. मालकांनी कारखान्यांत उमर काढली, शेवटची सालं शेंद्र्याला. मशीनच्या तेलाचा वास अंगाला असा बसला व्हता, सनासुदीला उटनं लावलं तरी जायचा नाय. कदी तक्रार केली नाय त्यांनी. नुसतं इचारायचे, "आज धरनात पानी किती हाय म्हनतेत?"

त्यांच्या कारखान्यातल्या एका साहेबाकडं शिडाची होडी व्हती. ल्हानशी, फिरायापुरती. साहेबाची बदली झाली अन् मालकांनी ती घेतली. नोकरी सुटल्यावर जे हाती आलं व्हतं, ते तिच्यात गेलं. आमच्या म्हातारपनाची तेवढीच पुंजी.

"मासं धरनार?" मी इचारलं.

"नाय."

"मानसं नेनार भाड्यानं?"

"नाय. नुसतं फिरायचं. आपल्या गावावरनं."

शीड फाटकं व्हतं, ते आमच्या गल्लीतल्या दर्जीभाईंनी शिवून दिलं. मालकांचे जुने दोस्त. म्हनले, "भाभी, जिंदगीभर कुर्ते-पजामे सिया, अब हवा का कुर्ता सी रहा हूँ."

धरनावरल्या लोकांनी सांगितलं, इम्याबिगर होडी पान्यात घालू नका. म्हनून एजंट घरी आला. बाजंवर बसला, पयलं इचारलं, "होडी भाड्याची की हौसेची?"

मालक म्हनले, "हौसेची. जन्मात एकच हौस केली म्या."

म्या चुलीपासनं म्हनलं, "अन् मला काय जुलमानं आनलं व्हतं व्हय?"

एजंट हासला. मंग त्यानं समजून सांगितलं. एक इमा होडीचा, तिचं नुकसान झालं तर. दुसरा, आपल्या होडीनं दुसऱ्याचं काय झालं तर. तिसरा, चालवनाऱ्याच्या जिवाचा. तिन्ही घेतले तर हप्ता जास्त. कोनता घ्यायचा ते तुमी ठरवा.

म्या म्हनलं, "तिसरा घ्या. दुसरं काय बी सोडा."

मालक म्हनले, "येडी का तू? पान्यात जन्मलो मी, पान्याला माझी वळख हाय. म्हातारी झाली ती होडी. तिचा काढू."

"म्हातारी होडी दिसली, म्हातारा नाय दिसला."

"तिच्यात आपलं समदं हाय," म्हनले. "तिला काय झालं तर तू खाशील काय?"

होडीचा घेतला, दुसऱ्याचा घेतला. तिसरा ऱ्हायला.

जाताना एजंट म्हनला, "एक लक्षात ठेवा. होडी वाढवली तर आधी कळवायचं. न कळवता वाढवली तर पैसे मिळणार नाहीत."

मालकांनी तोंडाशी नेलेली बशी खाली ठिवली. "आधी कसं कळवनार साहेब? ती काय सांगून वाढती?"

"म्हणजे काय? तुमच्या मर्जीनंच वाढणार ना!"

तो गेल्यावर मालक हासून हासून खोकले. त्याला लांबी-रुंदी वाढवायचं म्हनायचं व्हतं, हे आमाला तवा कळलंच नाय.

मंग मालक हर आठवड्याला जायाचे. येऊन सांगायचे, आज देवळावर व्हतो. आज आपल्या अंगनात व्हतो. पान्याच्या वर बसून आपल्या अंगनात.

वैशाखात एक दिवस दुपारून वारा सुटला. वारा कसला, वावटळच. पत्रे उडाले गल्लीतले. सांज झाली, मालक आले नाय. दर्जीभाई गाडी घिऊन दारात आले, "भाभी, चलो" एवढंच म्हनले. दुसऱ्या दिवशी मासेवाल्यांनी मालकांना बाहीर काढलं. आमच्याच शिवारावर सापडले म्हनं. होडी तळाला गेली, शीड तेवढं वर आलं. नंदेनं माझ्या बांगड्या वाढवल्या.

म्हैन्यानं इम्याचा साहेब तपासायला आला. गारखेड्याचा, चांगला मानूस, बूट दाराबाहीर काढून आत आला. इचारलं, "होडीचं काय झालं आजी?"

"वाढली," म्या म्हनलं.

त्यानं वर बघितलं. "वाढली? किती वाढली?"

"समदीच वाढली."

"कधी?"

"मालक गेले त्याच दिवशी."

"कुणाला विचारून?"

"वाऱ्याला कोन इचारतंय साहेब?"

त्याचं तोंड उतरलं. म्हनला, "आजी, हे असं लिहिलं तर एक पैसा मिळणार नाही. न सांगता होडी वाढवायची नाही, असं ठरलेलं आहे."

दर्जीभाई उंबऱ्यात बसले व्हते. ते उठले. "साब, इन लोगां में वो लफ्ज बोलते नै. डूब गई कश्ती. वोईच बोलरे ये."

साहेबाच्या ध्यानात आलं. पर तो म्हनला, "मला त्यांच्या तोंडून पाहिजे. मालकीण त्या आहेत."

भाई माझ्याकडं बघत ऱ्हायले. माझ्या ध्यानात आलं, लगीन झाल्यापासनं तो शब्द म्या उच्चारला नव्हता. गावासाठी सुदिक नाय. मालकांसाठी तोंडाआड राखला व्हता. आता कोनासाठी राखायचा?

"बुडाली," म्या म्हनलं. "लिवा साहेब. होडी बुडाली. चालवनारा बी बुडाला."

शब्द सुखानं निघाला.

साहेब लिवता लिवता थांबला. हळूच म्हनला, "चालवणाऱ्याचं लिहायला नको आजी. त्यांचा विमा नव्हता."

अन् तेवढं त्यानं खोडलं. होडीचं समदं मिळालं मंग. त्याच्यावरच खाते मी आजवर, मालक म्हनले व्हते तसं.