नावातली दुसरी वेलांटी

चार जूनच्या पत्रात आकडा स्वच्छ छापलेला होता: विद्यावेतन दरमहा आठ हजार सहाशे पन्नास, राहणं-जेवण संस्थेकडे. परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, जागा चाळीस, आणि त्यातली एक या मुलीची. मुलगी सतरा वर्षांची. वडील नव्हते. आई एका लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरींना इस्त्री करायची. त्या घरात एका महिन्यात एवढा आकडा कुणी पाहिला नव्हता. पण पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. रुजू करून घेण्यापूर्वी उमेदवाराचं नाव इंटरनेटवर तपासलं जाईल. ती ओळ वाचून मुलीच्या तोंडचं पाणी पळालं, आणि पुढच्याच बुधवारी ती खोडरबर बाईंकडे आली.

खोडरबर हे पोरांनी ठेवलेलं नाव. बाईंना ते माहीत होतं, आणि फळ्यावर कुणीतरी ते लिहून ठेवलं तेव्हा त्यांनी फक्त त्यातला सुटलेला रफार दाखवला. रफार त्या शब्दात मुळातच नसतो, हे पोरांना दोन दिवसांनी कळलं. एकतीस वर्षं बाईंनी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधन केलं होतं, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. ते काम यंत्राकडे गेलं तशा त्या घरी बसल्या. घरी म्हणजे धाकट्या भावाच्या घरी. तिथे त्या वाण्याच्या यादीतल्या चुका काढू लागल्या.

"वन्सं, 'सखर' लिहिलं तरी दुकानदार साखरच देतो हो," भावजय म्हणाली. "तुम्ही बाहेर काहीतरी बघा. घरातली माणसं तपासून संपली."

म्हणून वाचनालयाची मागची खोली. दर बुधवारी चार ते सहा, फुकट. एक संगणक, एक प्रिंटर, आणि बसलं की उशी पुढे घसरणारी खुर्ची. दहावी-बारावीची पोरं यायची. कुणी इंटरनेटवर जुन्या शिव्या लिहून ठेवलेल्या, कुणाच्या नावाने दुसऱ्यानेच खातं उघडलेलं. नोकरी, प्रवेश, सोयरीक, काहीही जवळ आलं की ही जुनी पापं आठवायची. बाईंची पद्धत ठरलेली होती. मुलाचं नाव कागदपत्रांवर असेल तसंच शोधयंत्रात टाकायचं, जे जे निघेल ते सगळं छापायचं आणि त्यालाच मोठ्याने वाचायला लावायचं. पडद्यावर माणूस चाळतो, कागदावर वाचतो, असं त्यांचं म्हणणं.

"मावशी, हे मी लिहिलंय?" एका दांडगटाने कान लाल करून विचारलं होतं.

"तुझ्याशिवाय 'मूर्ख'ला पहिला उकार कोण देतं?"

त्या मुलीचं नाव टाकलं तेव्हा मात्र दोनच ओळी आल्या. धावण्याच्या शर्यतीत तिसरी, आणि रक्तदान शिबिरात मदतनीस.

"लख्ख आहे की," बाई म्हणाल्या. "कशाला घाबरलीस?"

"तसं नाही, मावशी. लिहिणाऱ्यांनी माझं नाव चुकवलंय." मुलीने स्वतः टंकलं. नावातली दुसरी वेलांटी पहिली केली, आडनावातल्या 'ळ'चा 'ल' केला. एकदम ते वर आलं. शाळेतल्या कुणीतरी दोन वर्षांपूर्वी चालवलेलं पान, वर 'वर्गातली फोनचोर', खाली तिचं चुकलेलं नाव, आणि सत्तावन्न शेरे. फोटो पाठमोरा होता. वर्गातल्या एकीचा फोन हरवला होता आणि मधल्या सुट्टीत वर्गात हीच एकटी होती. चौथ्या दिवशी फोन त्या मैत्रिणीच्या घरच्या गाडीत, सीटखाली सापडला. तो सापडला हे मात्र कुणी कुठे लिहिलं नाही. पान चालवणारा मुलगा शाळा सोडून गेला होता आणि पासवर्ड विसरला होता. कंपनीकडे तक्रार केली तर उत्तर आलं, नियमभंग आढळत नाही.

मुलीने सत्तावन्नच्या सत्तावन्न शेरे वाचून दाखवले. एकोणिसाव्याला आवाज गेला, तरी वाचले.

बाईंनी छापलेले कागद सरळ रचून ठेवले. मग म्हणाल्या, "आपण शुद्धिपत्रक काढू."

वर्तमानपत्रात चुकीचं छापून आलं की दुसऱ्या दिवशी त्याचं शुद्धिपत्रक येतं. ते येईपर्यंत चूक उभी असते, आलं की पडते. एकतीस वर्षं बाईंचा याच्यावर विश्वास होता, आणि त्यांनी काढलेल्या कुठल्याही शुद्धिपत्रकात पुन्हा चूक नव्हती.

"राहू दे ना, मावशी," मुलगी म्हणाली. "चुकीच्या नावाने पडलंय, तसंच पडू दे. ते माझं खरं नावच टाकणार ना?"

"आणि कुणी तुझ्यासारखंच टाकलं म्हणजे? खोट्याला झाकून ठेवलं की ते खरं होतं, बाळा. तू काही केलं नाहीस ना? मग मान वर करून सांग."

मुलीने मान डोलावली. बाईंसमोर नाही म्हणणं पोरांना जमत नसे.

बाईंनी जिवाचं रान केलं. फोनवाल्या मैत्रिणीला गाठलं, तिच्या आईकडून चार कडू शब्द ऐकले आणि मैत्रिणीची सही घेतली. मुख्याध्यापिकेची घेतली. मग मजकूर सात वेळा तपासला. मुलीचं संपूर्ण नाव, वर्ग, वर्ष, सगळं बिनचूक. ते शुद्धिपत्रक वाचनालयाच्या पानावर गेलं. अख्खं गाव ते पान बघायचं. दोनशे जणांनी पसंतीचा अंगठा दाबला. भावजयीनेसुद्धा दाबला आणि संध्याकाळी म्हणाली, "वन्सं, आज खऱ्या अर्थाने कुणाचं तरी नाव काढलंत."

बारा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला दिली होती. कारण लिहिलं नव्हतं.

बुधवार नव्हता, तरी मुलगी पत्र घेऊन आली. बाईंनी नेहमीसारखं तिचं नाव टाकलं. बरोबर, दुसऱ्या वेलांटीने. शर्यत खाली गेली होती. सगळ्यात वर वाचनालयाचं पान होतं, आणि शोधयंत्र दाखवतं तेवढ्या दीड ओळीत वाक्य असं आलं होतं: संपूर्ण नाव, 'हिने वर्गातील सहाध्यायिनीचा फोन चोरल्याचा', आणि पुढे तीन टिंबं. 'जो आरोप झाला होता तो पूर्णपणे निराधार असून', हे सगळं टिंबांच्या पलीकडे राहिलं. नकार वाक्याच्या शेवटी, तसं मराठीत तो शेवटीच येतो. बाईंनी ते वाक्य सात वेळा तपासलं होतं. एकदाही त्यांनी ते अर्धं वाचलं नव्हतं.

त्यांनी तो मजकूर तिथल्या तिथे काढायला लावला. शोधयंत्रातली दीड ओळ मात्र वर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघी संस्थेत गेल्या, बसने अडीच तास. कागदांची फाईल बाईंच्या मांडीवर होती. प्रवेशाचं बघणारे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचला, सह्या पाहिल्या.

"हिने चोरी केली असं आम्ही म्हणतच नाही," ते म्हणाले.

"मग?"

"बाई, वॉर्डात औषधांचं कपाट असतं. उद्या त्यातलं काही कमी झालं तर पहिलं बोट कुणाकडे जाईल? वादातलं नाव नको, एवढंच. नावच नसतं आलं तर प्रश्न नव्हता."

"दुसरी कुठली जागा? पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही आम्ही तपासतोच."

मुलगी उठली. बाहेर पडताना तिने आपली खुर्ची उचलून भिंतीशी होती तिथे नीट लावली, मग बाईंचीही लावली.

परतीच्या बसला वेळ होता. स्टँडवर दोघींनी चहा घेतला. बाईंनी कप हातात धरून ठेवला.

"चूक माझी झाली," त्या म्हणाल्या.

"तुमची कुठे, मावशी?" मुलीच्या आवाजात राग नव्हता, तेच ऐकवेना. "तुम्ही तर सगळं बरोबर लिहिलंत. वेलांटीसकट."

"आपण अर्ज करू ना, दुसरीकडे. मी शोधते."

"नको. आई म्हणते, लाँड्रीत रात्रपाळीला माणूस हवाय. तिथे नाव बघत नाहीत." ती जरा हसली. "तिथे नुसतं 'ए पोरी' म्हणतात."

चहावाल्याकडे बाईंच्या नोटेचे सुटे नव्हते. दोन्ही कपांचे मुलीनेच दिले. बाई म्हणाल्या, माझे सात रुपये बुधवारी देते.

त्यानंतर मुलगी वाचनालयात आली नाही. बाई एकदा लाँड्रीपर्यंत जाऊन आल्या. वाफेत बायकांची तोंडं दिसत नव्हती, आणि त्यांना दारातून नाव घेऊन हाक मारता आली नाही. बुधवारी त्या अजून बसतात. मुलांचं जे निघेल ते छापतात आणि वाचायला लावतात, पण स्वतः आता कुणासाठी एक ओळही लिहीत नाहीत.

त्या चहाचे सात बाईंकडे अजून बाकी आहेत.