मशीनचा हेवा

"तू ठेव ते. ईशा, तू बघ गं."

सरांनी माझ्या हातातला मापं घ्यायचा व्हर्नियर काढून घेतला, फडक्याने पुसला आणि ईशाला दिला. ईशाकडून माझ्याकडे येताना तो कधी पुसला गेला नाही. सगळी लॅब बघत होती.

अंधेरीच्या एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारी आमची कंपनी. मी आणि ईशा क्वालिटीत एकाच दिवशी लागलो. दोघी बीएस्सी, दोघींचा विषय स्टॅटिस्टिक्स. प्रत्येक लॉटमधून थोडी झाकणं उचलायची, मोजायची आणि त्यावरून अख्खा लॉट पास की नापास ते सांगायचं. तिने मोजलं की लॉट पास. मी मोजलं की माझा ट्रे तिच्या टेबलावर. परत मोजायला.

ती मुलुंडची, मी गोवंडीची. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं होतं, "पूर्ण नाव काय तुझं?" सांगितलं. "अच्छा," म्हणाले. त्या अच्छानंतर माझा ट्रे फिरायला लागला. एकदा चहा पिता पिता बोलूनही गेले, "तुम्हाला डिग्र्या मिळतात गं. हाताला सवय कुठून येणार?" सगळे हसले. मीही हसले.

खरं सांगते, सरांचा राग यायच्या आधी मला ईशाचा हेवा वाटला. जळायचे मी तिच्यावर. ती फोन कानाला लावून मोजायची, तरी तिचा आकडा चालायचा. तिला उशीर झाला तर ट्रॅफिक असायचं. तिचं चुकलं तर ती दमलेली असायची. मला तिचं घर नको होतं, तिचे कपडे नको होते. तिच्यावर ठेवला जाणारा विश्वास हवा होता. न मागता मिळणारा, फुकटचा.

सहा महिन्यांनी ती कायम झाली. माझं प्रोबेशन वाढलं. कारण विचारलं तर सर म्हणाले, "तुझं काम अजून दुसऱ्याला तपासावं लागतं ना!"

तपासायला लावत कोण होतं?

आमची मापं जुळायची. बहुतेक वेळा जुळायचीच. तेव्हा सर म्हणायचे, "बरं झालं, खात्री झाली." कधी केसभर फरक पडला की, "बघ, म्हटलं नव्हतं?" दोन्हीकडून मीच कापली जायचे.

मग एके दिवशी एका मशीनची झाकणं मला सैल वाटली. मी म्हटलं, मशीन थांबवा. सर खवळले. सगळ्यांसमोर मला बोर्डापाशी उभं केलं.

"शिकलीस ना कॉलेजात? मशीन ठीक आहे, असं धरून चालायचं. ठीक असताना नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडायची शक्यता किती, ते काढ. अगदीच कमी निघाली, तरच मशीनवर बोट ठेव. उगाच संशय घ्यायचा नाही."

उगाच संशय घ्यायचा नाही. मशीनवर.

मी आणखी झाकणं मोजली, शक्यता काढली. फरक योगायोगात बसत होता. मशीन निर्दोष सुटलं.

त्या दिवशी मला त्या मशीनचा हेवा वाटला. हसू नका. त्या लोखंडाला कुणी पूर्ण नाव विचारलं नव्हतं. ते ठीक आहे, इथूनच सगळे सुरुवात करत होते. माझ्या बाबतीत सुरुवात उलटी होती. मी चुकते, हे आधी धरलेलं. आणि कितीही मापं जुळली तरी ते मागे घ्यायची सोयच ठेवली नव्हती. ही तपासणी नव्हतीच. आणि मी येडी इतके महिने तिच्यात पास व्हायला धडपडत होते.

दुसऱ्या दिवशी मी लॉट मोजला. सरांनी ईशाला खुणावलं. मी ट्रे सोडला नाही.

"सर, किती वेळा जुळलं म्हणजे माझं तपासणं बंद कराल? आकडा सांगा."

"वाद घालू नकोस. ट्रे दे."

"अगं दे ना यार," ईशा म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे."

"मग तुझा ट्रे मला दे. मीपण तपासते."

तिचा चेहरा उतरला. "माझं कशाला?"

ईशा वाईट मुलगी नाही. कशाला, ते तिला खरंच कळत नव्हतं.

सर हळू आवाजात म्हणाले, "कायम व्हायचंय ना तुला?"

व्हायचं होतं. फार व्हायचं होतं. मी ट्रे माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यापुढे उभी राहिले.

माझं प्रोबेशन पुन्हा वाढलंय. ईशाचा हेवा अजून वाटतो, लपवत नाही. पण माझा ट्रे आता तिच्या टेबलावर जात नाही. तपासायचं तर दोघींचं तपासा, ट्रेवरची नावं काढून. नोकरीवरून काढायचं तर काढा. मी बरोबर आहे हे सिद्ध करत मी यापुढे बसणार नाही. मी चुकते म्हणता ना? पुरावा तुम्ही आणा. तोवर मी ठीक आहे, असं धरून चालायचं.