पठारावरचा आठवा

यमदूत न्यायला आले तरी आमचे सेफ्टीकाका त्यांना आधी रांगेत उभं करून मोजतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. काका इथे आखातात, खलिफा सिटीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये सेफ्टी ऑफिसर होते. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे नवरानवरीकडे बघत असताना काकांची नजर छतावरच्या स्प्रिंकलरवर. हॉटेलात शिरले की मेनूकार्डाआधी मागचं दार शोधणार. गणपतीच्या आरतीला आम्ही दाटीवाटीनं उभे असलो की कापूर पेटायच्या आत विचारणार, "असेंब्ली पॉइंट ठरलाय ना?" आणि सहलीला निघालो की दर अर्ध्या तासानं बोट नाचवत डोकी मोजणार. आम्ही तिघं, काका-काकू आणि शेजारचं जोडपं, असे आम्ही सात जण नेहमी एकत्र फिरायचो. काकांचा आकडा मात्र कायम सहा. "सहा. खलास, चला!" ते म्हणाले की आम्ही एका सुरात ओरडायचो, "आणि तुम्ही, काका?" यावर त्यांचं उत्तरही ठरलेलं, "मला धरायचं नसतं." दहा मूर्ख नदी उतरतात आणि प्रत्येक जण स्वतःला मोजायचं विसरतो, ती गोष्ट मी त्यांना दहा वेळा तरी ऐकवली असेल. काका नुसते हसायचे.

काकूंच्या हट्टापायी एका ऑक्टोबरात आम्ही सातही जण जपानला गेलो. तिथल्या एका खेड्यातून बस डोंगरावरच्या गवताळ पठारावर जाते. शरदात तिथलं गवत डोक्याच्या वर वाढलेलं असतं आणि त्याला चंदेरी तुरे येतात. पंधरा वर्षं वाळूत काढलेल्या माणसांना एवढं गवत बघून काय करावं ते कळत नाही. शेजारीण तर एका तुऱ्यावर गाल घासत उभी राहिली. काकांनी अर्थातच सगळ्यांसाठी मुसफ्फाहून केशरी जाकिटं आणली होती. आम्ही रस्ता दुरुस्त करणारे कामगार आहोत अशा समजुतीनं दोन जपानी आजींनी आम्हाला कमरेत वाकून नमस्कार केला. साडेतीनची बस शेवटची होती, ती चुकली तर वर ना दुकान ना माणूस, हे काकांनी सकाळपासून नऊ वेळा बजावलं होतं.

तीनच्या सुमाराला धुकं आलं. आलं म्हणजे काय, कुणीतरी पांढरं पांघरूण ओढावं तसं पठार झाकूनच टाकलं. वारा पडला. खालच्या गावातून भोंग्यावर कसलं तरी संथ गाणं ऐकू आलं आणि मध्येच थांबलं. काकांनी शिट्टी फुंकली, आम्ही धडपडत बसथांब्यावर गोळा झालो आणि काकांचं बोट फिरलं. "पाच, सहा, सात. खलास, चला!"

"आणि तुम्ही, काका?" आम्ही सवयीनं ओरडलो आणि ओरडता ओरडताच गप्प झालो.

काकांनी पुन्हा मोजलं. पुन्हा सात. मी मोजलं, तर काकांना सोडून सहाच. तेवढ्यात माझ्या आठ वर्षांच्या मुलीनं गवताकडे बोट केलं. "बट बाबा, दॅट अंकल इज स्टिल टायिंग हिज शूज."

तिकडे कुणी नव्हतं. सगळं पठार निश्चल होतं, फक्त एका जागी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, गवत हलत होतं.

बस आली. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर चढणाऱ्या प्रत्येकाला मान लववत होता. आम्ही सहा जण चढलो. काका मात्र एक पाय पायरीवर ठेवून उभेच. ड्रायव्हरनं घड्याळाकडे बघितलं, नम्रपणे काहीतरी म्हणाला. मी भीतीनं चिडलो होतो. "काका, यल्ला, चला! तो निघून जाईल!"

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. धुक्याकडे तोंड करून, मी कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात ते म्हणाले, "सावकाश बांध रे लेस. घाई नाही. आज मी थांबलोय."

मग ते बाजूला सरकले. बसची पायरी किंचित दबली. ड्रायव्हरनं रिकाम्या पायरीकडे बघून मान लववली. त्यानंतर काका चढले. काकू आपल्या जागेवरून उठल्या आणि मागे जाऊन बसल्या. काका त्यांच्या रिकाम्या सीटशेजारी बसले.

डोंगर उतरताना ते खिडकीकडे बघत बोलले. "बारा वर्षांपूर्वी वर्कशॉपमध्ये गॅस लीक झाला. सगळ्यांना बाहेर काढलं, हेडकाउंट घेतला. एक कमी आला. मला वाटलं, नेहमीसारखं स्वतःला धरायचं राहिलं असेल. 'ऑल क्लिअर' म्हणून सही केली. पण त्या दिवशी मी स्वतःला धरलं होतं. राहिला तो राजापूरचा वेल्डर होता. रोज शेवटी यायचा, बुटाची लेस बांधत. आत टाकीत वेल्डिंग करत होता, तिथेच गुदमरून गेला बिचारा. तेव्हापासून मी स्वतःला कधी धरत नाही. पुन्हा तशी चूक नको."

दहा मूर्खांची गोष्ट मी त्यानंतर कुणालाच सांगितली नाही. तिची आठवण झाली तरी मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात काका निवृत्त होऊन भारतात परतले. आम्ही पाच जण त्यांना सोडायला विमानतळावर गेलो होतो. "आता पुण्याला आराम!" असं शेजारी म्हणाला, तर काका म्हणाले, "आधी राजापूर. त्याची आई आहे अजून. इतकी वर्षं तोंड दाखवायचा धीर होत नव्हता. आता होईल, इन्शाल्ला." मग बोट उचलून त्यांनी आम्हाला शेवटचं मोजलं. "पाच. खलास, चला."

या वेळी "आणि तुम्ही, काका?" असं कुणालाच ओरडता आलं नाही. काका-काकू आत गेले. काचेचं दार मिटायला जरा उशीरच लागला. मुलगी हात हलवत होती. "बाय काका. बाय काकू." मग हळूच, "बाय, अंकल."

मीही त्या दाराकडे बघून हात हलवला. काका घरी निघाले होते, आणि या वेळी मागे कुणी राहिलं नव्हतं.