गावची जागा

कुठलाही नियम समोर आला की आमच्या बाबांना त्यातली फट आधी दिसायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दुसरी पास झाले तेव्हा धाटावच्या त्यांच्या कंपनीत कुणीतरी सांगितलं, की जिल्ह्यात हुशार मुलांसाठी सरकारी निवासी शाळा आहे. पाचवीत परीक्षा द्यायची, निवड झाली की राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट. शिवाय बहुतेक जागा ग्रामीण मुलांना. ग्रामीण म्हणजे कोण, तर तिसरी ते पाचवी गावच्या शाळेत शिकलेली.

आमचं घर रोह्यात, अगदी बाजाराजवळ. वरसे गाव रोह्याला लागूनच. जूनमध्ये बाबांनी माझं नाव रोह्याच्या शाळेतून काढलं आणि वरसेच्या शाळेत घातलं. घर होतं तिथेच राहिलं, फक्त मी ग्रामीण झाले.

पहिल्याच दिवशी पट्टीवर शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, "तू रोह्याची ना? मग हितं कशाला आलीस?"

मी बावळटासारखं खरं ते सांगून टाकलं.

"म्हंजे आमची जागा खायला आलीस," ती म्हणाली.

मला भयंकर राग आला. ती म्हणत होती ते खरं होतं, म्हणून जास्तच आला. मी तिच्याशी बोलणं टाकलं. पण डबा खायला एकटीला कंटाळा यायचा आणि तिच्या आईच्या हातची सुकटीची चटणी फार झकास असायची. आठवडाभरात आमची गट्टी जमली. वर्षभरात मी घरीसुद्धा "नाय" आणि "व्हय" म्हणायला लागले. आई कपाळावर हात मारून घ्यायची.

पाचवीत बाबांनी कंबर कसली. पहिली शिफ्ट संपली की ते स्कूटरवरून थेट शाळेत यायचे आणि शाळा सुटल्यावर तिथल्याच ओट्यावर माझा अभ्यास घ्यायचे. फरशीवर खडूने चार आकृत्या काढायच्या आणि विचारायचं, यातली वेगळी कुठली? मी विचारात पडायचे. तेवढ्यात मागून आवाज यायचा, "तिसरी, काका!"

मागे माझी मैत्रीण वाकून उभी असायची. आणि बाबांचं एक दुखणं होतं. बरोबर उत्तर देणाऱ्या पोराला पुढचा प्रश्न घातल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. पंधरा दिवसांत ओटा भरला. मी मात्र गर्दीत मागे ढकलली जायचे.

"स्वतःच्या पोरीला शिकवायला जाता की लष्कराच्या भाकऱ्या भाजायला?" आई विचारायची.

"अगं, चुरस असली की हिचाच अभ्यास होईल," बाबा म्हणायचे. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता पक्का होता.

परीक्षेचं केंद्र पेणला होतं. बाबा आम्हा सगळ्यांना एसटीने घेऊन गेले. केंद्रावर एका पेणच्या बाईंनी त्यांच्या इस्त्रीच्या पँटकडे आणि बुटांकडे बघत विचारलं, "तुमची मुलगी शहरी का ग्रामीण?"

"ग्रामीण," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"काका रोह्याचे हायत, पण शाळा आमची हाय!" माझी मैत्रीण मध्येच म्हणाली. बाबा लगेच पाण्याची बाटली शोधायला लागले. आम्ही पोरं पोट धरून हसलो.

निकालाच्या दिवशी बाबा पेढ्यांचा पुडा घेऊनच शाळेत आले. इतकी त्यांना खात्री. गुरुजींनी वाचून दाखवलं. आमच्या शाळेतून एकच नाव होतं, आणि ते माझं नव्हतं.

मी भोकाड पसरलं. तीन वर्षं रोज रोह्यातून मी चालत यायचे, ओटाही माझ्यासाठीच सुरू झालेला, आणि जागा माझ्या मैत्रिणीला! बाबांचा चेहराही पडला होता. थोडा वेळ ते पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "चल, पेढे शिळे व्हायचे."

मैत्रिणीच्या घरी तिची आई अंगणात भात वाळत घालत होती. ऐकून ती मटकन खालीच बसली. "एवढ्या लांब एकलीला कशी धाडू गो?" ती मलाच विचारत होती. मी नाक ओढत उभी राहिले.

मैत्रीण दारातून बाहेर आली. बाबांनी तिच्या हातात पेढा ठेवला. तिने तो तोंडात घातला नाही. माझ्याजवळ आली, आणि तिचेही डोळे भरले.

"मी तुझी जागा खाल्ली गो," ती म्हणाली.

मला तिचा मत्सर वाटत होता, ते काही लपवत नाही. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"माझी कुठली? आपल्या गावची व्हती," मी म्हणाले, आणि तिच्या हातातला अर्धा पेढा तोडून घेतला.